मित्रमंडळ आणि त्याचे पदाधिकारी

'मित्रमंडळ' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राहतो. बोलण्यात आला तर त्याचा अर्थ मित्रांचा गोतावळा एवढाच. 'त्याचं मित्रमंडळ फार मोठं आहे' असे एखाद्याची आई म्हणते तेव्हा तो घरी वेळेवर येत नाही, एवढेच तिला सांगायचे असते. पाटीवर आला की मात्र तोच शब्द संस्था होतो. मग त्याला स्थापनेचे वर्ष लागते, शिक्का लागतो, अध्यक्ष लागतो. आणि काही वर्षे गेली की माजी अध्यक्षांची संख्या सभासदांच्या संख्येला येऊन भिडते. बोलण्यातले मित्रमंडळ पाटीवर चढायला एक गणपती पुरतो.

मैत्री ही भावना आहे असे कोशकार मानतात. मराठी मुलखात ही भावना कार्यकारिणीवाचून फार दिवस टिकत नाही. चार पोरे रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतात, शेंगदाणे खातात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतात. तोवर ती नुसती पोरे असतात. मग एक दिवस त्यांतला एक जण म्हणतो, 'आपण काहीतरी केलं पाहिजे.' हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते पुढे वीस वर्षे ठरत नाही. पण खजिनदार कोण, ते त्याच संध्याकाळी ठरते. ज्याच्या वडिलांचे दुकान असते त्याच्याकडे हे पद जाते. त्याला हिशेब येतो म्हणून नव्हे, तर अडीअडचणीला गल्ल्याची किल्ली कुठे असते ते त्याला माहीत असते म्हणून.

'मंडळ' म्हणजे मुळात वर्तुळ. वर्तुळाला पुढची रांग नसते आणि मागची रांग नसते. परिघावरचे सगळे मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात. मित्रांच्या बैठकीला याहून चांगला शब्द सापडणे कठीण होते. पण मराठीने हे वर्तुळ घेतले आणि त्यात खुर्च्या मांडल्या. वीज मंडळ, परीक्षा मंडळ, गृहनिर्माण मंडळ, संचालक मंडळ, विधिमंडळ, मंत्रिमंडळ, आणि एका मंडळात मावेनात एवढ्या गाड्या झाल्या तेव्हा एसटीचे महामंडळ. त्यामुळे गल्लीतली पोरे 'मित्र'पुढे 'मंडळ' जोडतात तेव्हा त्यांची पाटी कळत-नकळत मंत्रिमंडळाच्या पंगतीला जाऊन बसते. दोन्हीकडे अडचणही एकाच ठिकाणी येते, खातेवाटपाला.

या शब्दाची धाकटी बहीण 'मंडळी'. ही स्वभावाने मोकळी. तिला घटना नाही, नोंदणी नाही, पाटी नाही. 'मंडळी जमली', 'मंडळी जेवायला बसली', 'चला मंडळी' असे म्हटले की कुणीही तिच्यात येऊ शकतो. कीर्तनकार, निवेदक आणि लग्नात वाढपी हे तिघेही समोरच्या समुदायाला याच एका शब्दाने हाक मारतात. एकट्या माणसाला मात्र मंडळी म्हणत नाहीत. याला अपवाद एकच. जुन्या पिढीतला नवरा 'आमची मंडळी माहेरी गेलीय' असे म्हणत असे, तेव्हा एकच बाई माहेरी गेलेली असे. बायकोचे नाव घ्यायचे नाही म्हणून हा शब्द आला हे खरे. पण घरातली सगळी कामे करणारी व्यक्ती मोजताना एक धरावी की अनेक, याचाही निकाल त्यात लागलेला दिसतो.

किती माणसे जमली म्हणजे मंडळ होते, याचे मराठीचे गणित बारीक आहे. दोघांची दुक्कल आणि तिघांचे त्रिकूट. पण हे दोन्ही शब्द वर्तमानपत्रांनी केव्हाच दुचाकी चोरणाऱ्यांना देऊन टाकले आहेत. चौघांची चौकडी. चौकडी म्हटले की दुर्योधन, दुःशासन, शकुनी आणि कर्ण डोळ्यांसमोर येतात, आणि या चौघांत बसूनही कर्ण मराठी वाचकाला आदर्श मित्र वाटतो, ही त्या वाचकाची कमाल आहे. पाचवा आला की कायदा जागा होतो. पाच किंवा अधिक माणसे वाईट हेतूने एकत्र आली तर तो बेकायदेशीर जमाव. भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ मध्ये हाच आकडा होता आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो कायम आहे. दरोड्यालाही किमान पाच जण लागतात. चौघांनी केली तर ती नुसती जबरी चोरी. सातवा आला की मात्र चित्र पालटते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात जणांना एकत्र येऊन संस्था नोंदवता येते. म्हणजे पाचाचे सात होईपर्यंतच काय ती काळजी. त्यानंतर तीच माणसे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन क्रमांक मिळवू शकतात.

बाराच्या आकड्याला इतिहास आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर राघोबादादांना गादीवरून दूर ठेवण्यासाठी पुण्याच्या मुत्सद्द्यांनी जे जूट केले त्याला बारभाई म्हणतात. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्यांचे चुलतभाऊ मोरोबादादा, हरिपंत फडके अशी एकाहून एक वजनदार माणसे त्यात होती आणि उद्देश एकच होता. राघोबादादा दूर झाले. उद्देश संपल्यावर मंडळाचे जे होते तेच मग झाले. १७७८ मध्ये मोरोबादादांनी नानांविरुद्ध उठाव केला आणि शेवटी ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत पडले. आजच्या भाषेत सांगायचे तर कार्यकारिणीत गट पडले आणि एका गटाचे सभासदत्व कायमचे गोठवण्यात आले. राज्य वाचवणाऱ्या या मंडळाच्या नावाचा मराठीत उरलेला अर्थ मात्र पाहण्यासारखा आहे. ज्या कामात सगळ्यांचा हात असतो आणि कुणाचेच लक्ष नसते, त्याला बारभाईचा कारभार म्हणतात.

गावोगावच्या माणसांना मंडळी हा शब्द संस्था म्हणून पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो नाटकाच्या जाहिरातीवर. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाव घरोघर गेले. ही मंडळी नुसती नाटक करीत नव्हती. एका बिऱ्हाडात राहत होती, एका पंगतीत जेवत होती, एकाच सामानाच्या गाडीबरोबर गावे बदलत होती. मित्रमंडळात असते ते सगळे तिच्यात होते, फाटाफूटसुद्धा. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथ बाहेर पडले आणि बलवंत संगीत मंडळी निघाली. मध्यंतरी टेंब्यांनी गंधर्व मंडळीही सोडली आणि शिवराज नाटक मंडळी काढली. केशवराव भोसल्यांनी तर १९०८ मध्येच जुनी कंपनी सोडून ललितकलादर्श उभी केली होती. एका कंपनीच्या भांडणातून दुसरी कंपनी जन्माला येई, आणि प्रेक्षकांचा प्रत्येक भांडणात फायदा होई. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून 'मानापमान' केले. त्या एका प्रयोगाची आठवण शंभर वर्षे निघते. दोन मराठी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या, हे त्या आठवणीमागचे निम्मे कारण असावे.

नुसत्या मैत्रीचे मंडळ बघायचे तर कवींकडे जावे लागते. पुण्यात १९२३ च्या सुमारास काही कवी आणि त्यांचे स्नेही रविवारी चहाला जमू लागले. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, नाट्यछटाकार दिवाकर अशी ही बैठक. चहा आणि कविता या दोन गोष्टी एकत्र आल्यावर कविता कमी पडत नाहीत, चहा कमी पडतो. या बैठकीचे रविकिरण मंडळ झाले. मंडळ झाल्यावर पुस्तके निघाली, जाहीर काव्यगायने झाली, आणि कविता ऐकायला माणसे गर्दी करतात हे महाराष्ट्राला पहिल्यांदाच कळले. आठ लेखक-कवी एका मंडळात नांदतात ही गोष्ट मात्र सर्वांनाच सहन झाली असे नाही. १९२५ मध्ये आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' काढले आणि रविकिरणवाल्यांच्या पद्धतीची अशी काही विडंबने केली की मूळ कवितांआधी विडंबन पाठ झालेले लोक अजून भेटतात. मंडळाच्या बाहेर राहिलेला हुशार माणूस मंडळाला किती महाग पडतो, हे कवींच्या आधीही ठाऊक होते आणि नंतरही कुणी ध्यानात घेतले नाही.

आज पाटीवर दिसणारे मित्रमंडळ या दोन्ही घराण्यांचे नाही. ते गणपतीचे. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला, लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून उत्सवाला राजकीय बळ दिले, त्याच वर्षी मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतही गणपती बसला. पहिला गणपती कोणाचा यावर पुण्यात जे वाद होतात ते येथे मिटण्यासारखे नाहीत, आणि मिटले तर पुष्कळ कार्यकर्ते रिकामे होतील. उत्सव चालवायला माणसे हवीत, माणसांना नाव हवे. तालमीची नावे होती, आळ्यांची नावे होती, मग तरुण मंडळे आली, आणि त्यांच्यामागून मित्रमंडळे. पुण्यात पर्वतीकडे मित्रमंडळ नावाची वसाहत आहे आणि मित्रमंडळ नावाचा चौकही आहे. रिक्षावाल्याला 'मित्रमंडळ' म्हटले की तो एका विशिष्ट वळणावर नेऊन सोडतो. मैत्रीला एवढा नेमका पत्ता अन्य गावांत क्वचितच मिळाला असेल.

मित्रमंडळाचे खरे काम वर्गणीपासून सुरू होते. सात-आठ जण जिना चढून येतात. सगळे एकदम आत येत नाहीत. पावतीपुस्तक असलेला पुढे, बोलणारा त्याच्या शेजारी, आणि उरलेले जिन्यात उभे राहून संस्थेची ताकद दाखवतात. घरमालक विचारतो, 'गेल्या वर्षी किती दिले होते?' हा प्रश्न त्याला माहिती हवी म्हणून विचारलेला नसतो. उत्तरही तोच देतो आणि खऱ्या रकमेपेक्षा कमी सांगतो. मग पावतीपुस्तक धरणारा जुन्या पुस्तकाची स्थळप्रत काढतो. तिच्यावर घरमालकाचे नाव, रक्कम आणि बॉलपेनची फिकट निळी खूण असते. दोघेही ती पाहतात. घरमालक म्हणतो, 'गेल्या वर्षी बोनस झाला होता.' यानंतर जी रक्कम ठरते ती दोघांनाही आधीपासून माहीत असते. पण हे संवाद गाळले तर देणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते आणि घेणाऱ्याला अपमान झाल्यासारखा. उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कायद्याची परवानगी लागते. त्या परवानगीची प्रत पुस्तकाच्या पहिल्या पानाला चिकटवलेली असते. ती कोणी वाचत नाही, पण तिच्यावरचा गोल शिक्का सगळ्यांना दिसतो.

मित्र एकदा पदाधिकारी झाले की त्यांची भाषा बदलते. बालवाडीपासून एका बाकावर बसलेले, एकमेकांना पाळण्यातल्या नावाने आणि त्याहून वाईट नावांनी हाक मारणारे दोघे जण माइकसमोर आले की एक दुसऱ्याला 'मंडळाचे आधारस्तंभ, आमचे मार्गदर्शक, माननीय' म्हणतो, आणि दुसरा मान किंचित खाली घालून ते ऐकतो. शाल-नारळ होतो. व्यासपीठावरून खाली उतरताच पहिला म्हणतो, 'गाडीची किल्ली दे बे.' यात कोणाला विसंगती वाटत नाही. पदे पुरेशी काढावी लागतात: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सहखजिनदार, उत्सवप्रमुख, मिरवणूकप्रमुख, प्रसिद्धिप्रमुख, आणि एवढ्यावरही कोणी उरलाच तर सल्लागार. सल्लागाराकडे सल्ला मागण्याची पद्धत नाही. प्रत्येक मंडळात एक जण मात्र असा असतो की ज्याच्याकडे कुठलेच पद नसते. रात्री दोन वाजता मांडवाचा बांबू तो धरतो, पाऊस आला की ताडपत्री तो ओढतो, विसर्जनानंतर पाट आणि समया तोच मोजून परत पोचवतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे हा वाक्प्रचार मराठीने त्याच्यासाठीच राखून ठेवला आहे. फ्लेक्सवर त्याचे नाव असते, शेवटच्या ओळीत, आणि बहुधा चुकीचे छापलेले.

फ्लेक्स हा स्वतंत्र वाचनाचा विषय आहे. वर, ढगांत, नेते. जितका मोठा नेता तितका ढग वरचा. मध्ये वाढदिवस असलेला इसम, पांढरा शर्ट, काळा गॉगल, कानाला मोबाइल. वाढदिवसाच्या दिवशी तो कोणाशी बोलतो आहे ते कळत नाही, पण संभाषण महत्त्वाचे आहे हे दिसते. त्याच्या नावाच्या आधी 'भावी' आणि नंतर 'दादा', 'भाऊ', 'आबा' किंवा 'शेठ'. खाली पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या ओळी, प्रत्येकाचे टोपणनाव अवतरणचिन्हांत. आणि सगळ्यांत खाली 'शुभेच्छुक', पुढे अमुक 'मित्रपरिवार'. येथे 'मंडळ' नाही, 'परिवार' आहे, आणि हा बदल विचारपूर्वक झाला असावा. मंडळाला ताळेबंद द्यावा लागतो, हिशेबतपासनीस नेमावा लागतो; परिवाराकडे हिशेब मागण्याची आपल्याकडे रीत नाही. शिवाय मंडळात अध्यक्ष बदलू शकतो, परिवारात कर्ता बदलत नाही. मित्रपरिवार ज्याच्या नावाने असतो तो एकटा, आणि बाकी सगळे 'समस्त'.

पुण्या-मुंबईबाहेरही मंडळे आहेत आणि काही तर दोन ठिकाणी मिळून एक आहेत. कोकणातल्या पुष्कळ गावांना एक मंडळ गावात आणि एक मुंबईत असते: 'ग्रामस्थ मंडळ' आणि 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळकडे एका गावच्या चाकरमान्यांनी मिळून खोली घ्यायची, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून तीच गादी एकाने रात्री आणि दुसऱ्याने दिवसा वापरायची, आणि रविवारी बसून गावच्या देवळाच्या छपराचा विचार करायचा, यातून ही मंडळे उभी राहिली. पैसा मुंबईकडून जातो आणि निर्णय गावात होतो, किंवा उलट; यावर शिमग्यात आणि गणपतीत गावी जोरदार बैठका होतात. देऊळ पूर्ण होते, कारण दोघांनाही दुसऱ्याच्या आधी पाटीवर नाव हवे असते.

बायकांच्या मंडळाचा अभ्यास पुरुष अभ्यासकांनी फारसा केलेला नाही, आणि तो करायला त्यांना कोणी बोलावलेलेही नाही. महिला मंडळ आणि भजनी मंडळ हे पाटीवरचे प्रकार. पण मैत्री टिकवणारा प्रकार म्हणजे भिशी. बारा जणी दर महिन्याला सारखी रक्कम देतात, चिठ्ठी निघते, जिची निघेल तिला सगळी रक्कम मिळते आणि पुढच्या महिन्याचा चहा-फराळ तिच्या घरी. तिला अध्यक्ष नाही, शिक्का नाही, पावती नाही. एका शाळकरी वहीच्या मागच्या पानावर बारा नावे आणि बारा रकाने असतात, आणि त्या वहीवर जेवढा विश्वास असतो तेवढा काही बँकांवर राहिलेला नाही. चिठ्ठी डब्यातून काढायला घरातले सगळ्यांत लहान मूल बोलावतात, कारण त्याचे अजून कोणाशी वाकडे नसते. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघते ती पुढचे अकरा महिने पैसे भरते की नाही, हा भिशीतला एकमेव धोका. आणि तो धोका टाळण्यासाठी कायदा लागत नाही, कारण उरलेल्या अकरा जणी त्याच सोसायटीत राहतात.

मित्रमंडळाला बाहेरून पाहणारा माणूस मित्रमंडळ म्हणत नाही. तो 'कंपू' म्हणतो. हा शब्द फौजेतून आला. कॅम्पशी त्याचे नाते आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये दी बॉयन या सव्हॉय मुलखातल्या सेनानीला नोकरीत घेतले आणि कवायती पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या. त्या फौजेला कंपू म्हणत. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या कंपूने राजपूत घोडदळाला हरवले. ग्वाल्हेरमध्ये कंपू नावाचा भाग आजही आहे. एवढ्या शिस्तीच्या फौजेचे नाव पुढे एकमेकांची पुस्तके वाखाणणाऱ्या चार समीक्षकांना मिळावे, हे त्या फौजेचे दुर्दैव. कंपू आपला कधीच नसतो, तो नेहमी दुसऱ्यांचा असतो. 'आमचा कंपू' असे कोणी म्हणालाच तर तो थट्टेने म्हणतो, किंवा, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होत असे तेव्हा, ती नुकतीच जिंकलेला असे. त्याच फौजेतून आलेली 'पलटण' मात्र सुदैवी ठरली. सुट्टीत मामाकडे आलेल्या भाच्यांना पलटण म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुकही असते आणि स्वयंपाकघराची काळजीही.

हीच गोष्ट इतर शब्दांची. रस्त्याच्या कडेला उभी असलेली तीच सहा पोरे स्वतःला 'ग्रुप' म्हणतात, त्यांच्यातल्या एकाची आई त्यांना 'टोळकं' म्हणते, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ 'उनाड कार्टी' म्हणतात, वडापावच्या गाडीवाला 'आपली पोरं' म्हणतो कारण उधारी त्याची आहे, आणि वर्तमानपत्र, काही झालेच तर, 'अज्ञात टोळके' म्हणते, जरी सगळा पेठभाग त्यांना नावानिशी ओळखतो. निवडणूक जवळ आली की हीच सहा पोरे 'युवाशक्ती' होतात. ही पदवी सहा आठवडे टिकते.

मोबाइल आल्यावर मंडळाचा कारभार व्हॉट्सॲपवर गेला. तेथे अध्यक्षाला 'ॲडमिन' म्हणतात. ॲडमिन होण्यासाठी निवडणूक लागत नाही. ज्याने आधी ग्रुप काढला तो. एका ग्रुपमध्ये हजाराच्या वर, नेमके बोलायचे तर १,०२४ माणसे मावतात, पण मित्रांचा ग्रुप साधारण चाळिसाला फुटतो. दहावीच्या वर्गाचा ग्रुप घ्या. पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या आठवड्यात सुप्रभाताची फुले येतात, तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी राजकारणाचा एक लेख पुढे ढकलतो. चौथ्या आठवड्यात 'अमुक यांनी ग्रुप सोडला' अशी राखाडी ओळ ॲडमिनला दिसते. जुन्या मंडळात फुटायला सहा महिने आणि एक सर्वसाधारण सभा लागे. आता अंगठा पुरतो. मग सोडलेल्यांचा दुसरा ग्रुप निघतो आणि त्याचे नाव 'खरे मित्र' असे असते. त्यात पहिल्या ग्रुपमधले सगळे असतात, ॲडमिन सोडून.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाने मित्र नंतर केले, मंडळ आधी काढले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. उत्तर अमेरिकेत शहराशहरांची मंडळे आधी निघाली, मग १९८१ मध्ये त्या सगळ्यांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले आणि दर दोन वर्षांनी अधिवेशन भरू लागले. तेथेही गणपती बसतो, पुरणपोळी होते, दिवाळी अंक निघतो, नाटक होते आणि नाटकातली मुख्य भूमिका कोणाला यावरून दोन कुटुंबे वर्षभर बोलत नाहीत. हवामान सोडले तर सदाशिव पेठेतल्या माणसाला परके वाटावे असे तेथे काही नसते.

उरला प्रश्न मंडळ संपण्याचा. फुटलेल्या मंडळातून बाहेर पडलेल्यांना नवे नाव लागते आणि जुने नाव सोडवत नाही. त्यामुळे मूळच्या नावाआधी 'नव' लागते, त्यातून फुटले तर 'अखिल', त्यातूनही फुटले तर 'श्री', आणि एकाच चौकात तीन मांडव उभे राहतात. मूळ मंडळ मात्र चालूच राहते, याला कारण कायद्यात आहे. नोंदणी झालेली संस्था विसर्जित करायची तर किमान तीन पंचमांश सभासदांनी तसा ठराव करावा लागतो, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या तशाच संस्थेला द्यावी लागते. दुसरी तशी संस्था म्हणजे समोरचाच मांडव, हे लक्षात आल्यावर निम्मे सभासद तेथेच मागे सरतात. उरलेल्यांची सभा बोलावली जाते. नोटिशीप्रमाणे सायंकाळी सहा वाजता अध्यक्ष, चिटणीस आणि पद नसलेला तो एक जण असे तिघे येतात. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच ठिकाणी, त्याच विषयांसाठी साडेसहाला पुन्हा भरते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मागील इतिवृत्त वाचून कायम होते, समोसे येतात, ताळेबंद मंजूर होतो. विसर्जनाच्या ठरावाला मात्र तीन पंचमांशच लागतात, तेव्हा तो विषय सर्वानुमते पुढील सभेवर ठेवण्यात येतो. पद नसलेला तो एक जण खुर्च्या घडी करून भिंतीला लावतो.